उजनी उणे साठवर असताना: सोलापूरच्या विजेला किती पाणी लागतं

२०२३ चा पावसाळा सोलापूर जिल्ह्याला पुरला नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. भीमेवरच्या उजनी धरणात दौंडकडून येणारा विसर्ग आज वाढेल, उद्या वाढेल म्हणता म्हणता गणपती गेले, दसरा आला आणि उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच अडली. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात करमाळा, माढा, माळशिरस, बार्शी आणि सांगोला हे आपले पाच होते. जानेवारी २०२४ मध्ये उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेली आणि जूनच्या सुरुवातीला उणे साठ टक्क्यांना टेकली.

याच काळात जिल्ह्यात वीज चार वाटांनी तयार होत होती. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात कोळशावर, साखर कारखान्यांत बगॅसवर म्हणजे उसाच्या चिपाडावर, छपरांवर आणि माळरानांवर उन्हावर, आणि उजनीच्या पायथ्याशी पाण्यावर. विजेची चर्चा निघाली की आपण इंधनाची किंमत, धूर आणि बिल यांवर बोलतो. या लेखात तो एक उन्हाळा समोर ठेवून प्रत्येक वाटेला तीनच प्रश्न विचारले आहेत: पाणी किती लागतं, कुठलं लागतं आणि कधी लागतं. माझं मत आधीच सांगतो. सोलापुरात तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

उणे साठ म्हणजे नेमकं किती

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी मृतसाठा. रोज सकाळी मोबाइलवर फिरणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. म्हणून धरण ‘शून्यावर’ आलं तरी पोटात ६३ टीएमसीपेक्षा जास्त पाणी असतं आणि ‘उणे साठ’ म्हणजे त्यातलं सुमारे ३२ टीएमसी उपसून झालेलं असतं. जून २०२४ मध्ये धरणात ३१-३२ टीएमसी पाणी होतं. कागदावर हा आकडा भरपूर वाटतो. पण पातळी इतकी खाली गेली की कालव्याच्या तोंडाशी पाणी येत नाही, शहराच्या पंपांना दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं आणि बॅकवॉटरचे शेतकरी चाऱ्या खणत, मोटारी आणि पाइप पुढे पुढे सरकवत पाण्यामागे जातात. गाळ वाढतो, वास वाढतो, शुद्धीकरणाचा खर्च वाढतो.

दोन मोठ्या वाटांनी जाणारं पाणी इथेच नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढचे आकडे अधांतरी लटकतील. पहिली वाट ऊन. उजनीचा फुगवटा इतका पसरट आहे की वर्षाला दहा टीएमसीच्या वर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. दुसरी वाट नदीचं पात्र. शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत पाणी पोचवायचं म्हणून भीमेत एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. त्यातलं शहराच्या नळाला लागतं थोडं, बाकीचं वाळू, डोह आणि काठावरचे पंप पितात. धरणातून थेट शहरात पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीचा आग्रह याच कारणाने होता आणि तो रास्त होता.

फताटेवाडी: कोळसा लांबून, पाणी जवळून

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १३२० मेगावॉट. पहिला संच सप्टेंबर २०१७ मध्ये आणि दुसरा मार्च २०१९ मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झाला. केंद्र इथे यायचा निर्णय झाला तेव्हा सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे केंद्रात ऊर्जामंत्री होते. जिल्ह्यात कोळशाची खाण नाही आणि हक्काचं वाहतं पाणीही नाही. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो आणि पाणी उजनीतून.

दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर दिवसाला सुमारे ३ कोटी १६ लाख युनिट वीज तयार होते. भारतीय कोळशाची प्रत पाहता एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरा. दिवसाला २० हजार टनांच्या वर जातो, म्हणजे मालगाडीचे पाच रेक. त्यातला तिसरा हिस्सा राख होऊन मागे उरतो.

आता पाणी. हे पाणी नेमकं जातं कुठे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, मग कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि बॉयलरकडे परत जाते. हे चक्र बंद असतं, त्यात फार पाणी खर्च होत नाही. खर्च होतो तो वाफेला थंड करताना. कोळशातल्या उष्णतेपैकी ३८-४० टक्क्यांची वीज होते. दहा-बारा टक्के चिमणीतून आणि इतर वाटांनी जातात. उरलेली जवळजवळ निम्मी उष्णता कंडेन्सरमधून थंड पाण्याच्या दुसऱ्या चक्रात शिरते आणि ते पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून खाली शिंपडलं जातं. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हिशेब मांडला तर एका युनिटमागे दीड ते दोन लिटर पाणी असं उडतं. उरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, म्हणून त्यातलं काही काढून टाकून नवं घ्यावं लागतं. शिवाय राख वाहून न्यायला, धूळ बसवायला आणि पिण्या-वापरायलाही पाणी लागतं. होटगीच्या बाजूने थंडीच्या सकाळी जे पांढरे ढग उठताना दिसतात तो धूर नव्हे, ते उजनीचं पाणी आहे.

पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या पाण्यावर पहिल्यांदा मर्यादा घातली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी २०१७ पुढच्या केंद्रांसाठी ती दर मेगावॉट-तासाला ३ घनमीटर, म्हणजे युनिटला ३ लिटर आहे. या मर्यादेने मोजलं तर पूर्ण क्षमतेच्या दिवसाला साडेनऊ कोटी लिटर आणि अख्ख्या वर्षाला सव्वा टीएमसीच्या आत. केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमीच.

इथे दोन बाजूंनी ओरड होते आणि दोन्ही बाजूंचं गणित बरोबर असतं. ११७ टीएमसीच्या धरणात एक टीएमसी म्हणजे काय? वाफ होऊन जाणारं पाणी त्याच्या कितीतरी पट आहे. हे खरं. पण २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. माणशी १३५ लिटर धरले तर शहराची गरज दिवसाला पावणेतेरा कोटी लिटर होते. म्हणजे केंद्र पूर्ण ताकदीने चाललं तर शहराच्या गरजेच्या तीन चतुर्थांश पाणी पितं. ज्या शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, तिथल्या बाईला टीएमसीची भाषा समजावून सांगणं मला योग्य वाटत नाही. तिच्या घागरीच्या मापाने हा वापर मोठाच आहे.

आणि तो कधी होतो? शेतीचं आवर्तन लांबवता येतं, ऊस एखादी पाळी चुकवून तग धरतो. केंद्राचं पाणी मात्र रोज, दर तासाला लागतं. मार्च ते जून विजेची मागणी सर्वांत जास्त, केंद्रावर भार जास्त, हवा तापलेली, आणि धरण तळाला. राज्याच्या धोरणात पाण्याचा क्रम पिण्याचं, मग शेती, मग उद्योग असा आहे. पण प्रत्यक्षात संच बंद पडला तर अंधारात जाणारी गावंही आपलीच असतात, म्हणून तो क्रम अंमलात आणणं कुणालाच सोपं नसतं.

आणखी एक गोष्ट. ही वीज ग्रिडमध्ये जाते. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशासारखी राज्येही ती घेतात. कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची हे मेरिट ऑर्डरने ठरतं: ज्याचा इंधनखर्च कमी, त्याची वीज आधी. लांबून येणाऱ्या कोळशामुळे फताटेवाडीचा इंधनखर्च खाणीच्या तोंडावरच्या केंद्रांपेक्षा चढाच. त्या क्रमवारीत पाण्याला रकानाच नाही. उजनी उणे साठवर असो की शंभर टक्के भरलेली, त्या कागदावर फताटेवाडीचं युनिट सारखंच दिसतं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

बगॅस: पाणी दिसत नाही, पण असतं

राज्यातल्या सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर आघाडीवर आहे. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. मिलमधून बाहेर पडताना तो मुठीत धरला तर कोमट आणि ओलसर लागतो, कारण त्याच्या वजनात निम्मं पाणीच असतं. तसाच तो बेल्टवरून बॉयलरकडे जातो आणि किलोमागे दोन किलोच्या आसपास वाफ देतो. वाफ टर्बाइन फिरवते आणि तिथून कमी दाबाने बाहेर पडून रस उकळायला जाते. फताटेवाडीत जी निम्मी उष्णता कूलिंग टॉवरला द्यावी लागते, ती इथे साखर शिजवते. सहवीजनिर्मितीचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे. शिवाय उसातच सत्तर टक्के पाणी असतं. रस आटवताना ते वाफेच्या रूपाने निघतं, गार होऊन कारखान्यात वापरलं जातं. म्हणून गाळप चालू असताना कारखान्याच्या कुंपणाच्या आत वीज जवळजवळ कोरडी तयार होते.

कुंपणाबाहेरचा हिशेब वेगळा आहे. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी आणि ८०-१०० टन उतारा धरला तर एका टनामागे दोन ते अडीच लाख लिटर पाणी पडतं. चांगल्या उच्चदाब प्रकल्पात टनाला शंभरेक युनिट वीज बाहेर विकता येते. सगळं पाणी विजेच्या नावावर लिहिलं तर युनिटमागे दोन हजार लिटर होतील. तसं लिहिणं अन्यायाचं आहे. ऊस साखरेसाठी लावलेला असतो, बगॅस मागे उरतो. पण बगॅसची वीज ‘हरित’ आणि ‘फुकटच्या इंधनाची’ म्हणून मिरवताना ते पाणी साखरेच्या खात्यावर टाकलेलं आहे, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथे. दुष्काळ २०२३ चा, मग त्याचा फटका त्याच हंगामाला बसायला हवा होता. भीती तीच होती. पण २०२३-२४ च्या हंगामात राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली. कोसळला तो पुढचा हंगाम. २०२४-२५ मध्ये उत्पादन ८० लाख टनांच्या आसपास आलं, आणि ते अशा वर्षी की जुलैअखेर उजनी प्लसमध्ये आली होती आणि ऑगस्टमध्ये भरलीही होती. कारण उसाच्या वयात आहे. २०२३ च्या पावसाळ्यात लावायचा आडसाली ऊस कमी लागला, जानेवारी-फेब्रुवारी २०२४ च्या ‘सुरू’ हंगामाच्या लागणी पाण्याअभावी राहिल्या, तोडीनंतर पुन्हा फुटणारा खोडवा वाळला, काही ऊस चाऱ्याला तुटला. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, पण गव्हाणीत ऊस पुरेना आणि हंगाम लवकर आटोपला. ऊस नाही म्हणजे बगॅस नाही, बगॅस नाही म्हणजे वीज नाही. कोळशाच्या केंद्राला दुष्काळ त्याच उन्हाळ्यात गाठतो. बगॅसच्या विजेला तो वर्षभराने गाठतो, धरण भरलेलं असताना. विजेचं नियोजन करणाऱ्याने या उशिराची नोंद घेतली पाहिजे.

उजनीचं टर्बाइन

धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा जलविद्युत संच आहे, गरजेला उलटा फिरवून पाणी वर उपसता येईल अशा प्रकारचा. उपयुक्त साठा संपला की तो थांबतो. त्या उन्हाळ्यात त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

ऊन: दुष्काळात भरणारं एकमेव धरण

सौर पॅनेलला पाणी लागतं ते धुण्यापुरतं. एक मेगावॉटला आजच्या मापाचे अठराशे-दोन हजार पॅनेल, महिन्यातून दोनदा धुतले, पॅनेलला दोन लिटर धरले, तरी महिन्याला सात-आठ हजार लिटर. तेवढ्यात सव्वा ते दीड लाख युनिट वीज निघते. युनिटला लिटरचा पंधरावा भागसुद्धा धड नाही. आणि ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर इथे एकदम उलटं येतं: पाऊस नसतो तेव्हा ढगही नसतात, म्हणून धरण रिकामं होतं तेव्हाच ही वीज भरात असते.

भरात असते, पण मे महिन्यात सर्वांत जास्त असते हा समज चुकीचा आहे. पारा ४३-४४ वर गेला की पॅनेलचं तापमान पासष्टच्या पुढे जातं. २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे भर दुपारी चौदा-पंधरा टक्क्यांची घट. त्यात धूळ. गिरणगावाच्या परंपरेतल्या आपल्या शहरात यंत्रमागाच्या शेडवर बसवलेल्या पॅनेलवर कापसाची तंतुधूळही बसते. ती साधी धूळ नव्हे, दवाने चिकटते आणि कोरड्या फडक्याने निघत नाही.

घरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान. शेतीसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा २०२३ पासून चालू आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि त्यावर शेतीचा फीडर. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन, विंचवाकाट्यातून मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसा थ्री फेज मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही हिशेबाआधी मान्य केली पाहिजे.

तरीही सौरवीज पाण्यापासून अलिप्त नाही. दिवसा हमखास वीज म्हणजे दिवसा हमखास उपसा. धरण मायनसमध्ये गेलं की बॅकवॉटरच्या पंपांची वीज कमी करा, ही मागणी खालच्या बाजूने दरवेळी उठते आणि करमाळ्याच्या बाजूने तिला तेवढाच विरोध होतो. म्हणजे वीज हाच पाण्याचा व्हॉल्व्ह होऊन बसतो. शेतकऱ्याच्या स्वतःच्या सौरपंपाला असा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करता येत नाही. ठिबक आणि पिकाचा विचार बरोबर नेला नाही तर पॅनेलच्या एका युनिटने उपसलेलं पाणी कूलिंग टॉवरच्या तीन लिटरपेक्षा कितीतरी जास्त भरेल.

आणि संध्याकाळ आहेच. फताटेवाडी ६० टक्के भाराने वर्षभर चाललं तर जितकी वीज देईल, तितकी उन्हातून काढायला सुमारे चार हजार मेगावॉट सौर क्षमता आणि सोळा ते वीस हजार एकर जमीन लागेल. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे जागा अशक्य नाही. अशक्य आहे ते सूर्य मावळल्यावर माग आणि पंखे त्याच विजेवर चालवणं. साठवणूक येईपर्यंत रात्रीला कोळसा लागणारच.

मग त्या उन्हाळ्यात काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, दुपारी कोळसा खाली आणणं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना ५५ टक्के भारापर्यंत उतरता आलं पाहिजे. ऊन असताना सहा तास दोन्ही संच तिथपर्यंत आणले तर दिवसाला एक कोटी लिटरच्या आसपास पाणी वाचतं. कमी भारावर युनिटमागचं पाणी थोडं वाढतं, ते गृहीत धरूनही. धरणाच्या टक्केवारीत हे दिसणार नाही. माणशी १३५ लिटरने मात्र ते पाऊण लाख माणसांचं रोजचं पाणी आहे. यासाठी उजनी मायनसमध्ये गेली की मेरिट ऑर्डरमध्ये त्या केंद्राच्या पाण्याची किंमत धरली जाईल, असा नियम लागेल. आज तो नाही, आणि तो नियामक आयोगासमोर मागण्यासारखा आहे.

दुसरी, बगॅसचं वेळापत्रक. बगॅस ढीग घालून ठेवता येतो, ऊन ठेवता येत नाही. हंगामात वाचवलेला बगॅस एप्रिल-मेमध्ये फक्त संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी जाळला आणि त्या तासांना चांगला दर मिळाला, तर कोळशावरचा संध्याकाळचा ताण काही प्रमाणात उतरेल. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, रस उकळायचा नसतो, मग वाफ थंड करायला कारखान्यालाही कूलिंगचं पाणी लागतं, ही अट ध्यानात ठेवूनच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सांडपाणी. २०१६ च्या वीज दर धोरणाने सांगितलं आहे की सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं. नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या महानिर्मितीच्या केंद्राला जातं, तेव्हा हे काही स्वप्नातलं नाही. शहराला पावणेतेरा कोटी लिटर मिळालं तर ऐंशी टक्क्यांच्या ठोकताळ्याने दहा कोटींच्या वर सांडपाणी निघतं, आणि फताटेवाडीची पूर्ण भाराची गरज साडेनऊ कोटी आहे. सगळं गटारापर्यंत पोचत नाही, सगळ्यावर प्रक्रिया होत नाही, पण निम्म्या गरजेपासून सुरुवात करायला हरकत नाही. कूलिंग टॉवरला पिण्याच्या दर्जाचं पाणी लागत नाही. माणसाला लागतं.

नव्या केंद्रांसाठी हवेने थंड होणारे कंडेन्सर हा चौथा मार्ग. झारखंडच्या उत्तर करणपुरा केंद्रात एनटीपीसीने तो वापरला आहे. त्यात पाणी खूप वाचतं, पण हवा तापली की उत्पादन घटतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ती घट चांगलीच जाणवेल, आणि उभ्या केंद्रात असा बदल करणं फार महागात जातं. उजनीवर तरंगत्या पॅनेलची चर्चाही होते. वाफ कमी होईल हे खरं, पण मासेमारीवर जगणारी कुटुंबं आणि भिगवण-कुगावच्या बाजूला येणारे रोहित पक्षी यांना बाजूला सारून तो निर्णय घेऊ नये.

सांडपाण्यालाही दावेदार आहेत. शहराखालच्या नाल्यांवर मोटारी टाकून भाजीपाला आणि चारा पिकवणारे शेतकरी आज त्याच पाण्यावर आहेत. ते केंद्राकडे वळवायचं तर त्यांना किती सोडायचं, कुठल्या महिन्यात सोडायचं आणि बदल्यात उजनीतलं वाचलेलं पाणी नळाला जाईल की पुन्हा उसाला, हे आधी लिहून घ्यावं लागेल. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पिण्याच्या, शेतीच्या आणि उद्योगाच्या पाण्याची वाटणी मांडली जाते. पुढच्या बैठकीपासून तिथे विजेच्या पाण्याचा वेगळा रकाना हवा, महिनावार, धरणातलं किती आणि सांडपाण्यातलं किती अशा दोन आकड्यांसह.